एकशे एकेचाळीस पावलं

कागद पसरण्याआधी काका टेबल तपासायचे. दोन्ही तळहात एका कोपऱ्यावर ठेवून दाबायचे, मग समोरच्या कोपऱ्यावर, मग उरलेल्या दोन्हींवर. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या ज्या लायब्ररीत मी काम करते, तिथल्या खिडकीजवळच्या लांब टेबलाचा एक पाय किंचित आखूड आहे. चार वर्षं त्या टेबलावरची पुस्तकं उचलूनही मला ते कळलं नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी शोधलं. खिशातून कसलीशी जाहिरात काढली, तिच्या चार घड्या घातल्या आणि वाकून पायाखाली सरकवल्या.

"टेबल हललं की रेघ खोटी," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. मग वर बघितलं. "मराठी का? नागपूर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मघाशी फोनवर कोणाला तरी 'करून राहिली' म्हणालीस."

त्या दिवसापासून मी त्यांची 'ग्रंथपाल' झाले. प्रत्यक्षात मी अर्ध्या वेळेची मदतनीस होते, पण काकांना हुद्दे मोठे करायला आवडायचं. सकाळी दार उघडताच गुंडाळ्या काखेत धरून आत यायचे आणि विचारायचे, "काय ग्रंथपाल, उघडलं का दुकान?"

त्यांना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्या रांगेत, राखाडी स्वेटर, मांडीवर पुठ्ठ्याची नळी. आयुष्यभर पूल आणि पार्किंगच्या इमारतींची गणितं करून निवृत्त झालेले इंजिनियर. त्या नळीत काय असतं हे ज्यांनी विचारलं, त्यांना जेवायला उशीर झाला.

नळीत एक किल्ला होता. कोकणातला, खाडीच्या तोंडाशी खडकावर उभा असलेला, आता पडका. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला काकांचं गाव. किल्ल्याचं नाव कोणी विचारलं की काका हात वर करायचे. "नाव नंतर. आधी भिंत बघा. नाव सांगितलं की लोक फोनवर फोटो शोधतात आणि म्हणतात, हां, बघितला." म्हणून मीही ते नाव इथे लिहीत नाही.

तो किल्ला कोणी बांधला यावर गावात तीन मतं होती, आणि तिन्ही मतांची माणसं एकमेकांच्या ओटीवर चहा घेत नसत. काका म्हणायचे, भिंतीलाच विचारा. सर्वांत खाली मोठे काळे दगड, चुन्याशिवाय नुसते एकमेकांत बसवलेले. ते मध्ययुगातले, सर्वांत जुने. त्यांच्यावर चुन्यात बांधलेला तांबडा जांभा. तिथे मालक बदलला. त्याच्याही वर तोफांसाठी रुंद खिडक्या. तिथे शत्रू बदलला. "राजाला खोटं लिहून घेता येतं," ते म्हणायचे. "गवंड्याला ती सोय नाही. त्याचा थर दिसतो."

एकूण अकरा कागद होते. एका इंचाला वीस फूट. महादरवाजा, धान्यकोठार, पाण्याचं टाकं, दक्षिणेचा बुरूज, सगळं हाताने शाईत काढलेलं. त्यांच्या मुलीने कॉम्प्युटरवर काढायचं शिकवलं होतं. चार दिवस शिकले आणि सोडून दिलं. गावी जाणं दर दोन-तीन वर्षांनी व्हायचं. प्रत्येक खेपेला किल्ल्याचा एखादा भाग फितीने मोजून आणायचे आणि इथे येऊन काढायचे. पंचेचाळीस वर्षं हे चाललं होतं. काकू असताना त्याही बरोबर यायच्या. खिडकीतल्या उन्हात दिवाळी अंक वाचत बसायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"लग्न झाल्यापासून मला सवत आहे," त्या म्हणाल्या. "अकरा कागदांची. निदान स्वयंपाकघरात लुडबूड करत नाही."

काकांचा अभिमानाचा कागद अकरावा होता. पश्चिमेची भिंत, थेट समुद्रावरची. ते अमेरिकेत आल्यानंतरच्या कुठल्याशा पावसाळ्यात ती अख्खी पडली. आता तिची फक्त दोन टोकं उभी आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. त्या दोन टोकांमधलं अंतर दोनशे सेहेचाळीस फूट. पण पडण्याआधी, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, काकांनी ती भिंत मोजली होती. फीत पहिल्याच दिवशी खडकात अडकून तुटली, म्हणून पावलांनी. वहीत आकडा होता, एकशे एकेचाळीस पावलं. काकांचं पाऊल अडीच फुटांचं, कॉलेजात तपासून घेतलेलं. म्हणजे भिंत झाली साडेतीनशे फुटांच्या वर.

आता दोनशे सेहेचाळीस फुटांच्या जागेत साडेतीनशे फुटांची भिंत कशी बसेल? काकांचं उत्तर होतं, पोट काढून. भिंत सरळ नव्हतीच, समुद्राकडे शंभर फूट फुगलेली होती, धनुष्यासारखी. लाट येऊन आदळली की दोन्ही बाजूंना सरकून जावी म्हणून. ती उभी असताना कशी दिसायची ते काकांना धड आठवत नव्हतं, आणि आठवणीपेक्षा त्यांचा वहीवर विश्वास होता. "असा गवंडी मला इथे कुठल्याच कंपनीत भेटला नाही," ते म्हणायचे, तेव्हा त्यांचा आवाज थोडा चढायचा. अकराव्या कागदावर ते पोट तुटक रेघेने काढलेलं होतं आणि खरोखर देखणं होतं.

दर दिवाळीला मंडळ त्यांना पंधरा मिनिटं द्यायचं, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, मुलांचा नाच आणि जेवण यांच्या मध्ये. काका चाळीस घ्यायचे. एका वर्षी कार्यक्रम सांभाळणारा पुण्याचा तरुण माइकजवळ जाऊन कुजबुजला, "काका, वाइंड अप करा ना प्लीज. पुऱ्या थंड होताहेत यार."

"ही भिंत शेकडो वर्षं थांबली," काका माइकवरूनच म्हणाले. "तुझ्या पुऱ्या दहा मिनिटं थांबतील."

हॉल हसला. मी काकूंच्या शेजारी बसले होते. पडद्यावर ते धनुष्य आलं तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "एवढी लांब नव्हती हो ती." घरी जाताना गाडीत बसण्याआधी त्या हेच काकांनाही म्हणाल्या. काकांनी नळीचं झाकण लावता लावता उत्तर दिलं, "तुला काय माहीत? माझ्याकडे मोजमाप आहे." काकूंनी शालीचं टोक आत ओढून घेतलं आणि दार लावलं. त्या दिवशी मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पुढच्याच वर्षी काकू गेल्या.

काकूंच्या मागे काका दोन महिने आले नाहीत. मग आले ते पूर्वीपेक्षा लवकर. लायब्ररी उघडायच्या आधी गाडीत बसून राहायचे. उजवा हात थरथरायला लागला होता. दूर वाळवंटातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत असलेली त्यांची मुलगी दर रविवारी फोन करायची. तो फोन काका स्पीकरवर ठेवून पेन्सिलीला टोक करायचे, म्हणून मलाही तो तोंडपाठ झाला होता.

"बाबा, आता इकडे या. इथे स्नो नाही, काही नाही."

"तिथे समुद्र नाही."

"श्रूजबरीत कुठे आहे?"

"तासाभरावर आहे. धीर वाटतो."

शेवटी दोघांचा करार झाला. गुढीपाडव्यापर्यंत मुदत. तोवर अकरा कागद पक्के करून गावच्या शाळेला पाठवायचे आणि मग काकांनी चँडलरला जायचं. शाळेतले गुरुजी किल्ल्यावर मुलांना घेऊन जातात. त्यांनी भिंतीवर लावायला नकाशा मागितला होता. काकांना दुसरं काहीच नको होतं. दर पावसाळ्यात समुद्र किल्ल्याचा एखादा घास घेतो. जे गेलं ते निदान कागदावर खरं राहिलं पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. "घाई समुद्राला असू दे," ते म्हणायचे, पण आता त्यांनाही होती.

ऑक्टोबरात शेवटची पडताळणी सुरू झाली. जुन्या वहीतली पेन्सिल फिकट झालेली आणि काकांची नजर मंद, म्हणून आकडे मी वाचायचे आणि ते कागदावर पट्टी लावून बघायचे. दुपारी दोन ते तीन, माझ्या जेवणाच्या सुट्टीत.

त्या दिवशी मी वाचत होते. "दरवाजा ते टाकं, चौऱ्याहत्तर पावलं. टाकं ते कोठार, एकसष्ट. चप्पल तुटली, पुढे अनवाणी. कोठार ते दक्षिण बुरूज..."

"काय?"

"एकसष्ट."

"त्यापुढे काय म्हणालीस?"

"चप्पल तुटली, पुढे अनवाणी. इथे कडेला बारीक लिहिलंय. काका, तुम्ही त्या खडकांवर चपला घालून फिरत होतात?"

"छे. मी बुटात होतो. कॉलेजचे सर्व्हेचे बूट, टाचेला खिळे असलेले. मी तर एका जागी उभा राहून..."

ते थांबले. पट्टी हातातच राहिली. मी वही त्यांच्यापुढे सरकवली, पण त्यांनी बघितली नाही.

"ती चालत होती," ते म्हणाले. "मी दुर्बीण लावून ओळ धरत होतो आणि ती चालत होती. नवी साडी, कोल्हापुरी चप्पल. तिकडून ओरडली, तुमचा किल्ला गेला खड्ड्यात, माझी चप्पल तुटली. मी म्हटलं, आकडा सांग आधी."

बाहेर कोणीतरी पुस्तकं परतीच्या पेटीत टाकत होतं, त्याचे धपधप आवाज येत होते.

"इतकी वर्षं मी या वहीतले आकडेच वाचले," काका म्हणाले. "कडेला काय लिहिलंय ते वाचलं नाही. आणि ती समोर बसून सांगत होती मला. एवढी लांब नव्हती म्हणून."

त्यांनी कागद गुंडाळला. अकरावा. नेहमी ते गुंडाळी सैल ठेवायचे, शाई चुरगळू नये म्हणून. त्या दिवशी घट्ट गुंडाळला आणि निघून गेले.

नऊ दिवस आले नाहीत. मी फोन केला, उचलला नाही. मला वाटलं, संपलं. तुम्हीच विचार करा, शंभर फुटांचं धनुष्य, ज्यावर माणूस पंचेचाळीस वर्षं बोलला, ते बायकोच्या पावलांना आपली समजल्यामुळे निघालेलं. अशा वेळी कोणीही दहा कागद पाठवून दिले असते आणि अकराव्याबद्दल गप्प राहिलं असतं. कोण विचारणार होतं?

दहाव्या दिवशी दार उघडलं तर बाहेर काका उभे, काखेत कोऱ्या कागदाची गुंडाळी.

"काय ग्रंथपाल, उघडलं का दुकान?" त्यांनी टेबल दाबून बघितलं आणि बसले. "तिचं पाऊल काढायचंय. वही दे."

हिशोब अगदी साधा निघाला. चप्पल तुटल्यावर काकू अनवाणी दोन ठिकाणी चालल्या होत्या. आधी कोठारापासून दक्षिण बुरुजापर्यंत, शहाण्णव पावलं. मग पश्चिमेची भिंत, एकशे एकेचाळीस. भिंत पडली, पण कोठार आणि बुरूज अजून उभे आहेत, आणि त्यांच्यातलं अंतर काकांनी पुढे फितीने मोजलेलं होतं. एकशे अडुसष्ट फूट. फितीचा आकडा आल्यावर तिथली पावलं त्यांनी कधी ताडून पाहिलीच नव्हती. काकांनी भागाकार तीनदा केला, तिन्ही वेळा हाताने.

"एक फूट नऊ इंच," ते म्हणाले. मग त्यांनी तेवढं अंतर पट्टीने टेबलाच्या कडेवर मोजलं, दोन बोटं त्या दोन खुणांवर ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

पश्चिमेची भिंत नव्याने निघाली दोनशे सेहेचाळीस फूट नऊ इंच. टोकांमधलं अंतर दोनशे सेहेचाळीस. म्हणजे सरळ. पोट नव्हतं, धनुष्य नव्हतं.

"नऊ इंच जास्त आहेत काका," मी म्हटलं. मला त्यांच्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवायचं होतं.

"खडकावर अनवाणी चाललेल्या बाईच्या हिशोबात नऊ इंच?" ते हसले. त्या नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा. "नऊ इंचांवर सिद्धान्त उभा करायचा नसतो. एकदा केला, बास झालं."

तो हिवाळा त्यांनी अकरावा कागद पुन्हा काढण्यात घालवला. हात थरथरायचा म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघ मारायचे. दिवसाला एक रेघ, फार तर दोन. एखादी बिघडली की पूर्ण भाग ब्लेडने खरवडून पुन्हा. बर्फ पडला की मी फोन करून सांगायचे, आज येऊ नका. ते म्हणायचे बरं, आणि अर्ध्या तासात दारात. कोपऱ्यात एक चौकट होती, मोजणी कोणी केली ते लिहिण्याची. जुन्या कागदावर तिथे फक्त त्यांचं नाव होतं. नव्यावर त्यांनी काकूंचं नाव वर लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, आणि आपलं खाली.

मग त्यांनी गावच्या गुरुजींना फोन लावायला सांगितलं. काकांना व्हॉट्सॲप जमत नसे, म्हणून ही सगळी बोलणी माझ्या फोनवरून चालत.

"गुरुजी, मोठी ओहोटी बघा," काका म्हणाले. "अमावास्येची. दोन्ही टोकांना दोरी ताणा आणि दोरीखाली शोधा. पायाचे दगड बसवायला खडकात खाच मारलेली असणार. मी दर खेपेला शंभर फूट बाहेर शोधत होतो, म्हणून मला सापडली नाही."

"काका, खाली सगळी पडलेल्या दगडांची रास आहे. वर कालवांचे धारदार शिंपले. हात कापतात."

"कापू देत."

"परीक्षा संपल्या की बघतो. पोरांचे बाप आहेत होडीवाले, त्यांना घेतो."

पाडव्याच्या कार्यक्रमात काकांनी मंडळाकडे दोन मिनिटं मागितली. पुण्याच्या तरुणाने घाबरत घाबरत दिली. काका नळी न घेता माइकसमोर गेले.

"मी तुम्हाला इतकी वर्षं चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "पश्चिमेची भिंत सरळ होती. मोजणी माझ्या बायकोची होती आणि ती बरोबर होती. समजून घेताना मी चुकलो. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांची माफी."

पुढच्या रांगेतली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी इंग्रजीत म्हणाली, "म्हणजे नुसती भिंतच होती? गोल असलेली जास्त कूल होती, काका."

"हो ना," काका तिला मराठीतच म्हणाले. "मलाही तीच आवडायची."

दोन मिनिटांत ते खाली आले. पुऱ्या गरम होत्या.

पाडव्यानंतर तीन आठवड्यांनी, सामानाची खोकी अर्धी भरलेली असताना, काका झोपेतच गेले. हृदय थांबलं, असं त्यांची मुलगी म्हणाली. ती चँडलरहून आली, घर आवरलं आणि जाण्याआधी नळी घेऊन लायब्ररीत आली. वडिलांसारखंच आधी मुद्द्याचं बोलली.

"दहा कागद मी शाळेला पाठवते. अकरावा तुमच्याकडे राहू दे. गुरुजींचा आकडा आल्याशिवाय तो पाठवला तर बाबा रागावतील."

मी गुरुजींना कळवलं. ते म्हणाले, "मॅडम, आता काका नाहीत. मोजायचं का?"

"मोजा," मी म्हटलं.

मे महिन्याची अमावास्या, पावसाळ्याआधीची शेवटची. तिकडे संध्याकाळची ओहोटी, इकडे सकाळचे साडेआठ. लायब्ररी उघडायला अर्धा तास होता. मी दिवे लावत होते तेव्हा फोन वाजू लागला, एकामागून एक फोटो. उत्तरेच्या टोकाला बांधलेली निळी नायलॉनची दोरी. गुडघाभर पाण्यात पहारी घेतलेली चार माणसं. सरकवलेले दगड. आणि खडकात सरळ कडांची, हातभर रुंद खाच, अगदी किनाऱ्याजवळ, काकूंच्या पावलांनी सांगितलं होतं तिथे.

मग गुरुजींचा आवाज आला, धापा टाकत. "मॅडम, लिहून घ्या. टोकांजवळ खाच दोरीखालीच आहे. पण मधे सरकते बाहेर, समुद्राकडे. साठ फुटांवर सहा फूट. बरोबर मध्यावर आठ. तीनदा मोजलं. पलीकडे परत आत येते. पाणी चढतंय, ठेवतो."

आठ फूट. शंभर नव्हे, पण गवंड्याने भिंतीला पोट काढलं होतं. ते नऊ इंच खरे होते. हे सांगायला मी खिडकीकडे वळलेसुद्धा. तिथे टेबलावर सकाळचं ऊन होतं आणि परत आलेल्या पुस्तकांचा एक ढीग.

पुस्तकं मी खाली जमिनीवर ठेवली. नळीतून अकरावा कागद काढून पसरला, चारी कोपऱ्यांवर एकेक शब्दकोश ठेवला. काकांची तुटक रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली होती, जिथे त्यांचा हात हलला होता ते नीट बघितलं तर दिसत होतं. मला नकाशे काढता येत नाहीत. मी पेन्सिलीला टोक केलं. आठ फूट म्हणजे त्यांच्या प्रमाणात अर्ध्या इंचाहूनही कमी. मी तीन ठिपके दिले, सहा, आठ, सहा. मग मनगट डाव्या हाताने धरलं आणि त्यांच्या रेघेच्या बाहेरून, समुद्राच्या बाजूने, ते ठिपके जोडायला सुरुवात केली.